मार्जरी स्टीफन्सन : पहिलेपणाच्या पलीकडे

स्त्रियांच्या कर्तृत्वाचा इतिहास लिहिताना आपल्याला 'पहिली' या विशेषणाचा फार सोस असतो. मार्जरी स्टीफन्सन हे नाव आम्हांसही प्रथम भेटले ते अशाच यादीत. १९४५ साली रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना फेलो म्हणून निवडले; एक स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल, दुसऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टीफन्सनबाई. परंतु यादी इथेच थांबते आणि खरी गोष्ट निसटते.

१८८५ साली जन्मलेल्या बाईंना वैद्यक शिकायचे होते. पैशांअभावी ते राहिले आणि गृहशास्त्र शिकवण्यात काही वर्षे गेली. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसची सेवा करून १९१९ मध्ये त्या केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत आल्या. त्या काळी जिवाणू म्हणजे रोगाचे कारण, एवढीच सर्वसाधारण दृष्टी. जिवाणू स्वतः जगतो कसा, हा बाईंचा प्रश्न. वाढीच्या माध्यमातून काढून धुतलेल्या पेशींना एकेक पदार्थ देऊन त्यांची रासायनिक क्रिया मोजण्याची पद्धत त्यांच्या वर्तुळात रुजली. १९३१ मध्ये स्टिकलंड यांच्यासह त्यांनी हायड्रोजन वायूवर क्रिया करणारे हायड्रोजनेज हे विकर वर्णिले. स्वच्छ इंधनाच्या शोधात आजही त्याचा अभ्यास चालू आहे. 'बॅक्टेरियल मेटाबॉलिझम' हा त्यांचा ग्रंथ १९३० चा.

आणि विद्यापीठातले स्थान? १९२९ पर्यंत वर्षावर्षाच्या अनुदानावर काम; व्याख्यातापद १९४३ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी; प्रपाठकपद १९४७ मध्ये. केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदव्या देण्यास आरंभ केला तो १९४८ साली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाई निवर्तल्या. म्हणजे ज्या विद्यापीठात त्यांनी एक शास्त्र उभे केले, त्याने त्यांच्या विद्यार्थिनींना समान मानले ते त्यांच्या अखेरच्या वर्षी.

आपल्या कमलाबाई सोहोनी १९३७ मध्ये केंब्रिजला याच जीवरसायन विभागात गेल्या, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. बंगळुरात स्त्री म्हणून मिळालेल्या नकाराशी झगडून आलेल्या कमलाबाईंना इथे स्त्रिया संशोधन करताना दिसल्या असतील. ही वाट मोकळी होती, असे मात्र समजू नये. ती कोणीतरी बिनहमीच्या नोकरीवर तगून रुंद केली होती.

म्हणून आम्हांस वाटते, 'पहिली' म्हणून गौरवताना दोन प्रश्न विचारावेत : तिने काय शोधले, आणि तिला इतका उशीर कोणी केला? पहिल्याचे उत्तर तिचा वारसा. दुसऱ्याचे उत्तर संस्थांनी द्यायचे आहे.