उसनं रक्त आणि प्लेटलेट्स

भाच्याच्या पायांवर लाल ठिपके आले. प्लेटलेट्स मोजल्या तर फक्त 12 हजार (दीड लाखाच्या वर हव्यात!). सगळ्यांचा पहिला प्रश्न, "डेंग्यू?" निघाला आयटीपी. डॉक्टर म्हणाले, बहुतेक मुलं काही महिन्यांत बरी होतात. पण जोडीला ल्यूपससाठी एएनए तपासणी लिहून दिली आणि ताई घाबरली. ह्याचा त्याच्याशी काय संबंध? मी सवयीप्रमाणे मुळापासून शोधायला बसलो.

1950 च्या सुमारास वाद हाच होता, की ह्या आजारात प्लेटलेट्स बनतच नाहीत की बनून नष्ट होतात. अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन ह्या विशीतल्या डॉक्टरने आयटीपीच्या रुग्णाचं सुमारे 500 मिली रक्त स्वतःला चढवून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स कोसळल्या, फीट आली. काही दिवसांनी आकडा परत वर. (आम्ही प्रॉडक्शनवर टेस्टिंग केलं तर शिव्या खातो!) म्हणजे रुग्णाच्या रक्तातलंच काहीतरी प्लेटलेट्स मारत होतं. नंतर कळलं, त्या अँटीबॉडीज. शरीराच्या स्वतःच्या.

1951 मध्ये रॉबर्ट इव्हान्सने पुढचा धागा पकडला: काही रुग्णांत लाल पेशींवरही असाच हल्ला होतो, मूळ एकच असावं. हा इव्हान्स सिंड्रोम मुलांतही दिसतो. थोड्या मुलांना, त्यातही किशोरवयीन मुलींना, पुढे ल्यूपस होतो आणि प्लेटलेट्स घसरणं ही त्याची पहिली खूण ठरते.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने एकच विचारलं, "मग लक्ष किती वर्षं ठेवायचं रे?"

एएनए निगेटिव्ह आलीय. पुढची सीबीसी शनिवारी.