चिलिंगहॅमची तेरा गुरे

इतिहासाच्या व्यासपीठावर गुरांच्या कळपाला जागा कशी, असे आपणांपैकी कुणी विचारील. विचारणे रास्तच आहे. यात राजा नाही, तह नाही, लढाईही बैलांचीच.

इंग्लंडच्या उत्तरेस, स्कॉटलंडच्या सरहद्दीजवळ, नॉर्थंबरलंड परगण्यात चिलिंगहॅम नावाचे खेडे आहे. तेथील गढीला तटबंदीचा परवाना १३४४ साली मिळाला. गढीलगतच्या राखीव रानात पांढऱ्याशुभ्र, तांबूस कानांच्या गुरांचा एक कळप राहतो. त्यांना दावे ठाऊक नाही, गोठा ठाऊक नाही. लेखी उल्लेख सतराव्या शतकापासून सापडतात. त्याआधीच्या कथा पुष्कळ, पुरावा थोडा. मात्र १६०३ साली दोन्ही राज्ये एका राजाखाली येईपर्यंत ही सरहद्द म्हणजे गुरे पळवणाऱ्या टोळ्यांचे माहेरघर होते. जे जनावर हाकताच येत नाही, ते चोराच्या काय कामाचे? हा तर्क मला पटतो.

१७८९ साली थॉमस ब्यूइक या नामांकित लाकूडकोरकाने येथील बैलाचे चित्र कोरले. कळप एकसारखा गरगर फिरे आणि माणसासमोर उभा ठाके, तेव्हा चित्र काढायचे कसे? अखेर प्रतिस्पर्ध्याकडून हरून एकटा पडलेला एक बैल त्याने गाठला, तोही वाऱ्याची दिशा साधून, हातापायांवर रांगत! मोजकेच छाप निघाले आणि ठोकळा तडकला. हरलेल्या बैलाला मिळालेले हे अमरत्व मला तरी मोठे मौजेचे वाटते.

आणि मग १९४७ चा हिवाळा आला. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत इंग्लंडवर हिमवादळे कोसळत राहिली. रस्ते बुजले, कुरणे बर्फाखाली गेली. थंडीत या गुरांना वाळले गवत घालण्याची रीत आहे. माणसाचा काय तो एवढाच हात. त्या वर्षी तो पुरा पडला नाही. बर्फ वितळले तेव्हा आठ गाई आणि पाच बैल उरले होते. शतकांचा वारसा तेरा जिवांवर येऊन ठेपला!

बाहेरचे एखादे जनावर आणून भर घालणे सोपे होते. पण मग कळप तो राहिला नसता. तसे केले नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही गुरे आनुवंशिक घडणीत जवळजवळ एकसारखी आढळली. इतक्या जवळच्या रक्ताने वंश खुरटावा, असे शास्त्र सांगते. येथे तो वाढला. आज संख्या शंभराच्या वर आहे.

१९६७ साली इंग्लंडात लाळ-खुरकुताची मोठी साथ आली, तेव्हा रखवालदारांना पुन्हा धास्ती पडली. पुढे त्यांनी थोडी गुरे ईशान्य स्कॉटलंडात नेऊन ठेवली. ज्या सरहद्दीपलीकडच्या टोळ्यांची एके काळी भीती, तिच्याच पलीकडे आता हा राखीव कळप चरतो आहे.