विचारलं तरच सांग

प्रोग्राम चालतो तेव्हा आत काय घडतंय ते दिसत नाही, दिसतं फक्त शेवटचं उत्तर. ते चुकलं की आपण कोडमध्ये चार ठिकाणी प्रिंट टाकतो. ही युक्ती जवळजवळ संगणकाइतकीच जुनी आहे.

केंब्रिजचा एडसॅक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. तो बनवणाऱ्या मॉरिस विल्क्स यांना लवकरच उमगलं, की उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली एक तोड अशी: दुसरा एक तपासनीस प्रोग्राम मूळ प्रोग्राममधली एकेक सूचना उचलून पार पाडणार आणि तिचं अक्षर कागदावर छापणार. वाट कुठे चुकली, ते कागद सांगणार.

पण एडसॅक सेकंदाला सुमारे ६०० सूचना उरकायचा आणि टेलिप्रिंटर जेमतेम सहा-सात अक्षरं छापायचा. प्रोग्राम बोलका केला की शंभरेक पट मंदावणार. म्हणून तपासनीस गरजेपुरता जोडायचा, एरवी बाजूला ठेवायचा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक १९६० मध्ये रुजू झाला, त्याची मेमरी होती २०४८ शब्दांची. एवढ्याशा जागेत जादा छपाईची प्रत्येक सूचना जड.

पुढे यंत्रं वेगवान झाली, तसा प्रश्न बदलला. आता प्रोग्रामने किती बोलायचं? १९८० च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या आपल्या ईमेल प्रोग्रामच्या कामातून सिसलॉग घडवलं. त्यात संदेशांना आठ पायऱ्या आहेत: ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे डीबग. कोणत्या पायरीपर्यंतचं नोंदवायचं, ते चालवणाऱ्याने ठरवायचं.

त्याच सेंडमेलने दुसरा धडाही दिला. त्यात तपासणीच्या सोयीसाठी डीबगची आज्ञा होती आणि अनेक यंत्रांवर ती चालूच राहिली होती. बाहेरचा कुणीही ती देऊन त्या यंत्रावर हव्या त्या सूचना चालवू शकत होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म इतर वाटांसोबत याही वाटेने आत शिरला. हजारो संगणक ठप्प झाले.

मी अकलोलीत राहतो आणि भिवंडीच्या गोदामांसाठी लागणारं सॉफ्टवेअर लिहितो. तिथल्या स्कॅनरच्या प्रोग्रामला डीबगचा स्विच जोडताना हा इतिहास उपयोगी पडतो. स्विच मुळात बंद असावा. चालू करायला कोड पुन्हा बांधावा लागू नये, कारण ट्रक दारात उभा असतो आणि माल मोजणाऱ्याला आत्ता उत्तर हवं असतं. स्विच चालू असतानाही पासवर्ड आणि ग्राहकाचा फोन नंबर लॉगमध्ये उतरू नये. आणि हा स्विच बाहेरच्याच्या हाती कधीच लागू नये.

प्रोग्राम मुका असला तर दुरुस्त करणारा आंधळा होतो. तो कुणाशीही बोलायला लागला, तर घर उघडं पडतं.