बुऱ्हाणपूरची सराई

इ. स. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून बुऱ्हाणपुरास पोहोचला. जहांगीर बादशहाचा पुत्र परवीझ याचा मुक्काम तेव्हा तेथे होता. कोतवालाने वकिलाला सराईत नेऊन चार खोल्या दाखविल्या. विटांच्या भिंतीत काढलेल्या, वरून गोल आणि आकाराने भट्टीएवढ्या त्या कोठड्या पाहून रो संतापला. आपण शहरच सोडून जातो, असा निरोप त्याने धाडला. कोतवालाने सकाळपर्यंत धीर धरण्याची विनंती केली आणि वकीलसाहेब रात्री आपल्या तंबूत निजले. शहाजाद्याचा वाडा, खानखानानाची हवेली आणि मोजकी घरे सोडता सारे शहर मातीच्या झोपड्यांचे आहे, हे त्यालाच पुढे दिसून आले. म्हणजे कोतवालाने त्याला अपमान म्हणून तेथे उतरविले नव्हते.

हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा आम्हांस हसू आले. विश्रामगृहाच्या चौकीदाराशी असाच तंटा करणारे साहेब आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले. क्वचित आम्हीही केला असेल.

बुऱ्हाणपुरात आज 'अकबरी सराई' म्हणून एक जुनी वास्तू दाखवितात. नाव अकबराचे असले तरी बांधकाम जहांगीरच्या काळातले. रोने आपल्या सराईचे नाव दिलेले नाही. म्हणून ती हीच, असा आग्रह आम्ही धरणार नाही.

पण सराई वकिलांसाठी थोडीच बांधलेली असते! सुरतेहून आग्र्यास जाणारा माल बुऱ्हाणपूर, हंडिया, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर या वाटेने जाई. उंटवाले, गाडीवान, सराफांचे गुमास्ते यांना रात्री हवा असे तो बंद होणारा दरवाजा. मनुची या इटालियन प्रवाशाने सतराव्या शतकातील सरायांचे जे वर्णन केले आहे, त्यावरून त्या किल्ल्यासारख्या बुरूजबंद असत. एकेकीत आठशे ते हजार माणसे, शिवाय घोडे, उंट आणि गाड्या मावत. आत झाडे, दुकाने आणि खोल्या-खाटांची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्री-पुरुषांची वेगळी बिऱ्हाडे. सकाळी सहाला दरवाजा उघडण्यापूर्वी पहारेकरी तीनदा ओरडून सांगे की, ज्याने त्याने आपले सामान पाहावे. कुणाचे काही हरवले असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे, आणि चोराला सराईसमोरच फाशी देत. शिक्षा भयंकर खरी. पण पदरी मोहरा बांधून निघालेल्या गुमास्त्याला त्या भट्टीवजा कोठडीत निर्धास्त झोप लागत असेल, यात शंका नाही. फ्रेंच वैद्य बर्नियरला मात्र या सराया गुरांच्या कोठारासारख्या वाटल्या. दिल्लीतील जहाँआरा बेगमेची सराई तेवढी त्याने वाखाणली.

१७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. आपल्या घराण्यांच्या कुळकथांत सनदा आणि लढाया येतात, परंतु वाटेवरच्या रात्री कोठे काढल्या ते येत नाही. आमच्या आजीच्या तोंडी तर 'सराई' हा शब्दच नव्हता. ती धर्मशाळाच म्हणे. त्याचे कारण सोवळ्यात होते. भटियाऱ्याच्या हातचे चालत नसे. शिधा विकत घ्यायचा, तीन दगडांची चूल मांडायची आणि आपला भात आपण शिजवायचा. छप्पर कुणाचेही चाले, चूल मात्र आपली हवी!

सराईचे दिवस आगगाडीने संपविले. मुंबई-जबलपूर लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला. बुऱ्हाणपूरचे स्थानक शहरापासून दूर, लालबागेकडे आले. ज्या अंतराला गाडीबैलाचे आठवडे लागत, ते दिवसावर आले. मुक्कामच उरले नाहीत, तर सराईत कोण उतरणार? आमचे आजोबा पुढची गाडी चुकली की फलाटावरच वळकटी पसरीत आणि ट्रंकेची कडी मनगटाला बांधून झोपत. पहाटे तीनदा ओरडून सावध करणारे तेथे कोणी नव्हते.