निजामाचं दप्तर आणि अंतरवालीचा वाद
अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं नाव २०२३ पर्यंत जालन्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी २९ ऑगस्टला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे तिथे उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला आंदोलकांवर लाठीमार झाला आणि ‘मराठा की कुणबी’ हा वाद चहाच्या टपरीवरून थेट मंत्रालयात पोचला.

वादाचं मूळ मात्र निजामाच्या दप्तरात आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पुढे विदर्भातल्या शेतकऱ्याला कुणबी म्हणून ओबीसी सवलती मिळाल्या. इकडे मराठवाड्यात कागदावर ‘मराठा’ लागलं. कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमल्यावर जुन्या बासनांच्या गाठी सुटल्या: खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, कुठे उर्दू, कुठे मोडी. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पणजोबाच्या नावापुढचं फिकट अक्षर लागलं, तर पणतूला कुणबी दाखला!

जून २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसींच्या बाजूने उपोषणाला बसले. त्याच महिन्यात जरांगेंवरचा ‘संघर्षयोद्धा’ हा सिनेमा पडद्यावर आला. वाद पेटलेला असताना नायक पडद्यावर आला, की प्रेक्षक सिनेमा बघत नाही, बाजू घेतो. जातीचीच गोष्ट सांगणारा नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ हा सिनेमा त्याहून जास्त झोंबतो. शेवटी त्यातल्या जब्या या मुलाचा दगड सरळ बघणाऱ्याच्या अंगावर येतो; दाखला कुठला, हे तो विचारत नाही.

२ सप्टेंबर २०२५ ला सरकारने निजामाच्या काळातल्या हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी दाखल्यांचा निर्णय काढला. ओबीसी संघटनांनी त्याला लगेच विरोध केला.