तीन कलमांचा हुकूम

१९ डिसेंबर १९४१ रोजी व्हिशी येथे फ्रान्सचे तेव्हाचे राज्यप्रमुख मार्शल पेताँ यांच्या सहीने एक हुकूम निघाला आणि फ्रान्सच्या सरकारी राजपत्रात छापला गेला. कलमे तीन. पहिले सांगते, की पॅरिसमध्ये २४, र्‍यू द्रुओ येथे कचेरी असलेली 'लीग फ्रान्सेझ द रग्बी आ त्रेझ', म्हणजे तेराच्या रग्बीची फ्रेंच लीग, ही संस्था, तिला मान्यता नाकारण्यात आल्यामुळे, विसर्जित करण्यात येत आहे. दुसऱ्या कलमाने संस्थेची सगळी मालमत्ता जशीच्या तशी राष्ट्रीय क्रीडा समितीच्या हवाली केली आणि हा व्यवहार समितीचे सरचिटणीस शार्ल दनी पाहतील असे ठरवले. तिसरे कलम अंमलबजावणीचे. ती शिक्षण खात्याकडे सोपवली होती, आणि ते खाते तेव्हा झेरोम कार्कोपिनो यांच्याकडे होते. प्राचीन रोमचे हे मोठे अभ्यासक.

मान्यता का नाकारली, याबद्दल हुकमात एक अक्षर नाही.

तेरा खेळाडूंच्या या रग्बीच्या, म्हणजे रग्बी लीगच्या, चाहत्यांत जी बखर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिच्यात 'पेताँने आमच्या खेळावर बंदी घातली' हे वाक्य हमखास असते. कागद तसे म्हणत नाही. तेरा जण मैदानात उतरले तर काय शिक्षा, हे त्यात नाही. खेळाच्या नियमांचा उल्लेखही नाही. हुकूम खेळाला हात लावत नाही, संस्थेला लावतो. पण म्हणून बखर खोटी आणि कागद निरुपद्रवी असे समजणे चुकीचे होईल. खेळावर बंदी घातली असती तर गावोगावची पोरे चोरून खेळली असती. संस्थाच काढून घेतल्यावर स्पर्धा कोणी भरवायच्या, पंच कोणी नेमायचे, मैदानाचे भाडे कोणी भरायचे? दुसरे कलम पहिल्यापेक्षा घातक आहे, ते यासाठी. तिजोरी रिकामी झालेली संस्था पुढे कधी मान्यता मिळाली तरी उभी कशी राहणार? या मालमत्तेच्या भरपाईची मागणी फ्रान्समधील लीगची माणसे आजही करतात, आणि ती रास्त आहे.

सरकारला एवढा राग येण्याइतके या संस्थेने काय केले होते, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी रग्बी युनियनशी फारकत घेतली. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूचा सामन्यापायी रोज बुडाला, तर त्याची भरपाई द्यावी की नाही, एवढ्यावरून ती फूट पडली. १९०६ साली या नव्या पंथाने दोन खेळाडू कमी करून तेराचा संघ केला. युनियनचे पंधरा आणि लीगचे तेरा, हा फरक तेव्हापासूनचा. फ्रान्समध्ये मात्र रग्बी म्हणजे पंधराचीच, आणि तिचा बालेकिल्ला नैर्ऋत्येकडे: तुलूझ, पेर्पिन्याँ, आझाँ, बायोन आणि मधली असंख्य छोटी गावे.

तिथली युनियन कागदावर हौशी होती. आतून काय चालले होते, ते किलाँ या छोट्या गावाकडे पाहिले की कळते. टोप्यांचे कारखानदार झाँ बूरेल यांनी गावाच्या क्लबात पैसा ओतला, पेर्पिन्याँचे चांगले खेळाडू आणले आणि १९२९ साली किलाँ फ्रान्सचे विजेते झाले. मैदानावरची मारामारीही हाताबाहेर गेली होती; १९३० च्या राष्ट्रीय स्पर्धेतील एका उपांत्य सामन्यात आझाँचा अठरा वर्षांचा मिशेल प्रादिये दगावला. पुढच्याच वर्षी इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चारही युनियननी, छुपा व्यावसायिकपणा आणि दांडगाई ही कारणे देऊन, फ्रान्सशी खेळणे थांबवले.

किलाँच्या त्या विजेत्या संघात झाँ गालिया होता. १९०५ साली ईल-स्यूर-तेत येथे जन्मलेला हा खेळाडू फ्रान्सकडून वीस आंतरराष्ट्रीय सामने खेळला होता, आणि मुष्टियुद्धातही नाव कमावून होता. पुढे तो व्हिलनव्ह-स्यूर-लोला गेला, आणि व्यावसायिकपणाच्या आरोपावरून युनियनने त्याला निलंबित केले. सगळेच करत होते त्या गोष्टीसाठी एकट्यादुकट्याला शिक्षा झाली, असे माझे मत आहे. किलाँची हकीकत पाहता दुसरे मत होणे अवघड. ३१ डिसेंबर १९३३ रोजी पॅरिसच्या पेर्शिंग मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात लीगचा प्रदर्शनीय सामना झाला, त्यात ऑस्ट्रेलियाने ६३–१३ असा धुव्वा उडवला. मार्च १९३४ मध्ये लीगकडे वळलेला गालिया सतरा खेळाडू घेऊन इंग्लंडला गेला आणि तिथे सहा सामने खेळला. ६ एप्रिलला फ्रेंच लीग स्थापन झाली. १५ एप्रिलला पॅरिसच्या ब्यूफालो मैदानावर फ्रान्स इंग्लंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळून २१–३२ असा हरला. संस्थेच्या जन्मापासून राष्ट्रीय सामन्यापर्यंत नऊ दिवस!

पुढची पाच वर्षे पाहिली की नंतर सरकारदरबारी बसलेल्या युनियनच्या माणसांची अस्वस्थता उमगते. लीगच्या विजेत्यांची यादीच बोलकी आहे: १९३५ व्हिलनव्ह, १९३६ पेर्पिन्याँचा कॅतलान, १९३७ बोर्दो, १९३८ आल्बी, १९३९ रोआन. पहिली चार तर थेट युनियनच्या अंगणातली. रोआन त्या पट्ट्याबाहेरचे. तिथे क्लोद देव्हेर्न्वा या विणमालाच्या उद्योजकाने माक्स रूझियेसारखे नावाजलेले खेळाडू आणून संघ उभा केला. १९३९ पर्यंत लीगकडे दोनशेहून अधिक क्लब आले. त्यातले व्यावसायिक जेमतेम डझन-दीड डझन; बाकी सगळे गावातले हौशी क्लब, रविवारी खेळणारे आणि सोमवारी कामावर जाणारे. त्याच वर्षी फ्रान्सने इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर, सेंट हेलेन्स येथे, १२–९ असे हरवले.

१९४० च्या जूनमध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडला. पेताँ यांच्या व्हिशी सरकारात कुटुंब आणि युवक खाते झाँ इबार्नेगारे यांच्याकडे आले. त्यांनी त्याच उन्हाळ्यात जाहीर करून टाकले, की तेराच्या रग्बीचे आयुष्य संपले. क्रीडा आयुक्त झाले टेनिसचे विख्यात खेळाडू झाँ बोरोत्रा, आणि त्यांच्या हाताखाली खेळांचा कारभार आला कर्नल जोसेफ पास्को यांच्याकडे. पास्को हे पेर्पिन्याँकडून खेळलेले, युनियनचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू. लीगने त्या गावात काय केले होते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. १९४२ साली तेच बोरोत्रांच्या जागी आयुक्त झाले.

नव्या राजवटीचा अधिकृत सूर असा, की व्यावसायिकपणा खेळाला नासवतो. हे कारण तपासून पाहावे. टेनिस आणि कुस्तीतला व्यावसायिकपणा तात्काळ बंद झाला, पण त्यासाठी टेनिसची संघटना कोणी मोडली नाही. फुटबॉल, सायकल शर्यती आणि मुष्टियुद्ध यांना तर तीन वर्षांची मुदत मिळाली. लीगला मुदत नाही; आणि व्यावसायिक संघांबरोबर शेकडो हौशी क्लबांनाही तोच न्याय. मग कारण व्यावसायिकपणाचे राहत नाही. युनियनला आपली माणसे आणि मैदाने परत हवी होती, आणि सत्तेची किल्ली आता तिच्या मित्रांच्या हाती होती, हाच अर्थ सरळ दिसतो.

किल्ली म्हणजे २० डिसेंबर १९४० चा क्रीडा कायदा. त्याने प्रत्येक क्रीडासंस्थेचे अस्तित्व सरकारी मान्यतेवर टांगले. वर्षभराने निघालेल्या हुकमाच्या आरंभी याच कायद्याचा हवाला आहे. इबार्नेगारे यांच्या घोषणेपासून या हुकमापर्यंत सुमारे सोळा महिने जातात. या काळात लीग कागदावर जिवंत होती आणि मैदानावर नव्हती. दोन्ही रग्बींच्या 'एकीकरणा'च्या नावाखाली तिचे क्लब पंधराच्या स्पर्धांत ढकलले गेले होते. हुकमाने आधीच घडलेल्या गोष्टीवर कायद्याचा शिक्का मारला आणि मालमत्ता उचलली. याच राजवटीने शाळांमध्ये शारीरिक शिक्षणाचा आणि खेळाचा वेळ वाढवला, आणि खेळ व शाळा दोन्ही एकाच खात्याखाली आणल्या. त्यामुळे मान्यता नाकारलेल्या संस्थेच्या खेळाला शाळेचे दार बंद झाले, असा निष्कर्ष काढायला मला संकोच वाटत नाही. वाढत्या तासांत मुलांच्या हाती अंडाकृती चेंडू आला तो पंधराच्या नियमांसह.

पुइग-ओबेरचे उदाहरण घ्या. १९२५ साली जन्मलेला हा मुलगा ऐन उमेदीत आला तेव्हा लीग अस्तित्वातच नव्हती. तो पेर्पिन्याँकडून युनियन खेळला, १९४४ साली विजेत्या संघात होता. देश मुक्त होताच तो लीगमध्ये, कारकासोनकडे गेला. १९५१ साली त्याच्याच नेतृत्वाखाली फ्रान्सने ऑस्ट्रेलियाला त्यांच्या देशात तीन कसोट्यांच्या मालिकेत २–१ असे हरवले. सिडनीची शेवटची कसोटी ३५–१४. त्या सुमारास फ्रेंच लीगची धुरा पॉल बारिएर या प्रतिकार चळवळीतल्या तरुणाकडे होती. त्याच्याच पुढाकाराने १९५४ साली लीगचा पहिला विश्वचषक फ्रान्समध्ये भरला, आणि अंतिम सामन्यात फ्रान्स ब्रिटनकडून १२–१६ असा हरला.

एवढे करूनही संस्थेला स्वतःला 'रग्बी' म्हणवता येत नव्हते. युद्धानंतर ती परत उभी राहिली ती 'फेदेरास्याँ फ्रान्सेझ द झ्यू आ त्रेझ', म्हणजे नुसत्या 'तेराच्या खेळा'चा महासंघ, या नावाने. व्हिशी गेले, पेताँवर खटला झाला, तरी युनियनने त्या शब्दावरची मालकी सोडली नाही. न्यायालयापर्यंत भांडून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लीगने तो परत मिळवला. तोवर दोन पिढ्यांतल्या आईबापांनी मुलांना रग्बीला घातले ते पंधराच्याच. आज पेर्पिन्याँचा कॅटलन्स ड्रॅगन्स इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये खेळतो, २०१८ साली त्याने वेम्बलीवर चॅलेंज कपही जिंकला. पण एक बलाढ्य क्लब आणि १९३९ मधले दोनशे गावचे क्लब यांची बरोबरी होत नाही, आणि फ्रेंच लीग अजूनही त्या दुसऱ्या आकड्याच्या मागे आहे.