कोटणीसांच्या नावाची सुई

भारतात अ‍ॅक्युपंक्चर कुठून आलं, असं कुणाला विचारलं की दोन वाक्यांत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव येतं. लुधियानात त्यांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. बंगालमध्ये ही उपचारपद्धती ज्या समितीमुळे गावोगावी गेली, तिचं नावही कोटणीस समिती. सोलापूरचा मराठी डॉक्टर चीनला गेला आणि त्याच्यामुळे सुया भारतात आल्या, अशी सुटसुटीत गोष्ट त्यातून तयार होते. तारखा एकाखाली एक लिहून काढल्या, की मात्र ही गोष्ट जुळत नाही.

तारखा लिहायला बसलो त्याला कारण घरचं होतं. आम्ही दिघीत राहतो, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. आईचे गुडघे गेल्या दोन वर्षांत इतके धरले की भाजी आणायला खाली उतरायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, वजन कमी करा म्हणाले, ऑपरेशनची घाई नको म्हणाले. शेजारच्या काकूंनी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं आणि वर म्हणाल्या, "अगं, आपल्या कोटणीसांचीच विद्या ती." आईला 'आपल्या' या शब्दाने धीर आला. मला प्रश्न पडला, की हा शब्द इथे आला कसा.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी जू द यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, निधी जमला आणि पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे मदन अटल त्यांचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत मोठे. कलकत्त्याचे देवेश मुखर्जी आणि विजयकुमार बसू. आणि पुढचं शिक्षण घेण्याच्या तयारीत असलेले, अठ्ठावीसही पूर्ण न झालेले कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून 'राजपुताना' बोटीने ते निघाले. स्वतः पारतंत्र्यात असलेला देश दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवत होता.

१९३९ च्या सुरुवातीला पथक यानानला पोहोचलं. कम्युनिस्टांचं हे मुख्य ठाणं म्हणजे डोंगरात कोरलेल्या गुहांचं गाव. तिथून कोटणीस आणि बसू उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. १९४० च्या लढायांमध्ये कोटणीसांनी आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले, सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. हे नाव कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांचं. त्याच आघाडीवर काम करताना रक्तात विषबाधा होऊन ते १९३९ मध्ये वारले होते. कोटणीस चिनी शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, अपस्माराच्या झटक्यांनंतर कोटणीस गेले. वय बत्तीस.

या सगळ्यात सुई कुठेच नाही. चाकू आहे, चिमटे आहेत, टाके आहेत, नेहमी अपुरी पडणारी भुलीची औषधं आहेत. कोटणीस आधुनिक शल्यचिकित्सक होते आणि चीनला त्यांच्याकडून तेच हवं होतं.

मग त्या काळात चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर काय करत होतं? 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' हे वाक्य आपण इतक्या ठिकाणी वाचलेलं असतं की उत्तराने जरा धक्का बसतो. ज्या ग्रंथात या शास्त्राची मांडणी मिळते तो 'ह्वांगदी नैजिंग' साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. पद्धत जुनी आहे यात शंका नाही. पण अखंड मानाची नाही. १८२२ मध्ये चिनी सम्राटाच्या हुकुमाने राजवैद्यांच्या संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चरचा विभागच बंद झाला. सुया उरल्या त्या गावातल्या वैद्यांकडे आणि फिरत्या उपचारकांकडे. १९२९ मध्ये चीनच्या प्रजासत्ताक सरकारपुढे सगळं पारंपरिक वैद्यक मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला. देशभरचे वैद्य शांघायमध्ये १७ मार्चला एकत्र आले, निषेध झाला आणि प्रस्ताव मागे पडला.

त्याच सुमारास छंग दानआन नावाच्या वैद्याने वेगळं काम हाती घेतलं. त्याने शरीररचनाशास्त्राची पुस्तकं उघडली आणि सुया टोचायच्या जागा स्नायू, नसा, रक्तवाहिन्या यांच्या भाषेत नव्याने लिहिल्या. रक्तवाहिनीवर येणाऱ्या जागा बाजूला सरकवल्या. जाड, जखम करणाऱ्या सुयांऐवजी बारीक, केसासारख्या सुया रूढ होण्यात त्याच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. आज दवाखान्यात ज्या सुया दिसतात त्यांचं रूप १९३० च्या दशकातलं. माझ्या धंद्यातल्या भाषेत, जुन्या कोडवर नावं तीच ठेवून आतून केलेलं हे रीफॅक्टरिंग.

कम्युनिस्टांच्या छावणीत ही पद्धत अधिकृतपणे शिरली ती १९४४ नंतर. डॉक्टर कमी, औषधं त्याहून कमी, वेढा पडलेला. ऑक्टोबर १९४४ मध्ये माओ यांनी यानानला सांगितलं, की आधुनिक डॉक्टरांनी जुन्या वैद्यांना बरोबर घेऊन काम करावं. १९४५ च्या वसंतात यानानच्या शांती रुग्णालयात अ‍ॅक्युपंक्चर शिकवायला आणि वापरायला सुरुवात झाली. तिथे ते शिकलेल्या जू ल्येन या डॉक्टर बाईंनी पुढे १९५१ मध्ये 'नवं अ‍ॅक्युपंक्चर' हे पुस्तक लिहिलं. त्यात प्राणशक्तीच्या वाहिन्यांऐवजी मज्जासंस्थेची भाषा होती.

आता तारखा जुळवून बघा. कोटणीस १९४२ मध्ये गेले. ज्या सैन्यात ते होते, त्याच्या रुग्णालयांत सुया पोहोचल्या १९४५ मध्ये. तीन वर्षांची फट आहे. बसू १९४३ मध्ये भारतात परतले, म्हणजे तेही सुयांच्या आधीच.

ही फट भरून काढली ती बसूंनीच, बऱ्याच उशिरा. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा चीनला गेले. त्यांना सायनसचा जुना त्रास होता, तो तिथे अ‍ॅक्युपंक्चरने कमी झाला. आधुनिक वैद्यक शिकलेला माणूस स्वतःच्या नाकामुळे विद्यार्थी झाला. ते शिकले आणि १९५९ च्या सुमारास कलकत्त्यात त्यांनी उपचार सुरू केले. वेळ चीनच्याही सोयीची होती. १९५८ मध्ये माओ यांनी चिनी वैद्यकाला मोठा खजिना म्हटलं होतं आणि नवं राज्य तो खजिना जगाला दाखवायला उत्सुक होतं.

मग १९६२ आलं. युद्धानंतर भारतात जे जे चिनी ते ते संशयास्पद ठरलं. अशा वातावरणात चिनी सुई घेऊन बसलेल्या डॉक्टरकडे लोकांनी विश्वासाने कसं यावं? दोन्ही देशांत ज्याच्याबद्दल वाईट शब्द निघत नव्हता असं एक नाव मात्र होतं. चीनमध्ये शिजियाझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. भारतात व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्येच 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढून स्वतः कोटणीसांची भूमिका केली होती. १९७० च्या दशकात बसूंच्या पुढाकाराने कोटणीस स्मृती समिती पुन्हा उभी राहिली आणि तिच्या कामात अ‍ॅक्युपंक्चरची शिबिरं, प्रशिक्षण, दवाखाने आले. मित्राच्या नावाने मित्राच्या दुसऱ्या देशाची विद्या. यात फसवणूक नव्हती, कृतज्ञता होती. पण लोकांनी मधला माणूस गाळला आणि सुई थेट कोटणीसांच्या हातात दिली. बसू मात्र विस्मरणात गेले.

गंमत म्हणजे अमेरिकेतही असंच झालं. जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन यांचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ते नेहमीच्या इंजेक्शनच्या भुलीवर झालं. पोटातल्या वायूने त्रास झाला तेव्हा, ऑपरेशननंतर, त्यांना सुया लावल्या आणि बरं वाटलं. त्यांनी हे सगळं नीट लिहिलं. तरी लोकांच्या लक्षात राहिलं ते 'सुयांवर ऑपरेशन केलं' असं. पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले आणि अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरची लाट आली.

अशा गोष्टी बाजूला काढल्यावर उरतं ते आईच्या गुडघ्याचं. जर्मनीत विमा कंपन्यांना अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवायचं होतं, म्हणून तिथे मोठ्या चाचण्या झाल्या. गुडघ्याच्या झिजेवरची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, १,००७ रुग्णांवर. तीन गट पाडले. एकाला चिनी पद्धतीने नेमक्या जागी सुया. दुसऱ्याला खोट्या सुया, म्हणजे भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला डॉक्टरांच्या भेटी आणि वेदनाशामक गोळ्या. फिजिओथेरपी तिन्ही गटांना घेता येत होती. सव्वीस आठवड्यांनी ठरवलेल्या मापाइतका फरक पडलेले रुग्ण असे: खऱ्या सुया ५३.१ टक्के, खोट्या सुया ५१.० टक्के, तिसरा गट २९.१ टक्के.

हे आकडे अ‍ॅक्युपंक्चरच्या भक्ताला आणि टीकाकाराला, दोघांनाही अडचणीचे आहेत. टीकाकाराने 'काहीच होत नाही' म्हणावं, तर सुया लावलेल्या दोन्ही गटांना गोळ्यांच्या गटापेक्षा बराच जास्त आराम पडला. भक्ताने 'नेमक्या बिंदूंची शक्ती' म्हणावं, तर भलत्या जागी टोचलेल्यांनाही जवळपास तेवढाच आराम. पुढे वेगवेगळ्या चाचण्यांमधल्या सुमारे अठरा हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा थोड्या सरस निघाल्या. पण थोड्याच. आरामाचा मोठा भाग अर्धा तास शांत पडून राहण्याचा, कुणीतरी आपलं दुखणं ऐकून हात लावण्याचा, बरं वाटेल या अपेक्षेचा असावा. वेदना ही मेंदूत घडणारी गोष्ट असल्यामुळे हा आराम खोटा म्हणता येत नाही. मात्र त्यातून झिजलेली कूर्चा परत येत नाही. मधुमेह, कर्करोग, वंध्यत्व 'मुळापासून बरं' करण्याच्या पाट्या लागतात, त्यांना या आकड्यांचा काडीचाही आधार नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं, टक्क्यांसकट. तिने विचारलं, "म्हणजे भलतीकडे टोचलं तरी चालेल?" चालणार नाही, कारण छातीवर खोल गेलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते आणि पुन्हा वापरलेली सुई कावीळ देऊ शकते. म्हणून सुई कोण लावतं हे महत्त्वाचं. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरसाठी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा, त्यानुसार राज्यात अ‍ॅक्युपंक्चर परिषद आणि नोंदणी आली. २०१९ मध्ये केंद्रानेही या पद्धतीला मान्यता दिली. नोंदणीने परिणामाची हमी मिळत नाही, पण निदान विचारता येईल असा एक प्रश्न हातात येतो.

आम्ही ठरवलं ते असं: मांडीच्या स्नायूंचे व्यायाम रोज, ते सोडायचे नाहीत. डॉक्टरांना सांगून, नोंदणी असलेल्या बाईंकडे, दर वेळी नवी सुई फोडून घेऊन, आठ बैठका. आई कॅलेंडरवर रोज किती वेळा जिना चढली ते लिहिते. आठ बैठकांनंतर ते आकडे बघून पुढचं ठरेल, काकूंच्या सांगण्यावरून नाही आणि माझ्याही नाही.

कोटणीसांना मोठं व्हायला सुईची गरज कधीच नव्हती. सुईलाही आता त्यांच्या नावाची गरज नसावी. तिची बाजू चाचण्यांनी मांडलेली आहे, जेवढी आहे तेवढी. त्या नावाखाली जागा करायचीच असेल, तर ती विजयकुमार बसूंसाठी करावी. युद्धातून परतल्यावर, चाळिशी उलटल्यावर, एक आधुनिक डॉक्टर पुन्हा विद्यार्थी म्हणून बाकावर बसला, शिकून आला आणि श्रेय मित्राच्या नावावर लिहून मोकळा झाला. सोलापुरात कोटणीसांच्या घराचं स्मारक आहे. तिथे गेलात तर पाच डॉक्टरांची नावं एकदा मोठ्याने वाचा.